खर्डा, खर्डेघाशी आणि आपला वाङ्मयेतिहास

खर्डा म्हटले, की मराठीच्या अध्यापकाला ११ मार्च १७९५ हा दिवस आठवतो आणि त्याचे स्मरण तिथेच संपते. सवाई माधवरावांची स्वारी, नाना फडणिसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापतित्व, शिंदे-होळकर-भोसले एका बाजूला उभे राहिल्याचा तो अखेरचा मोठा प्रसंग, कोंडीत सापडलेला निजाम आणि मग तह. या स्वारीवर बखर आहे, पोवाडे आहेत, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून काढून छापलेला पत्रव्यवहार आहे. हे सारे मराठी वाङ्मयाच्या खाती जमा आहे. त्यानंतर खर्डा वाङ्मयातून जो नाहीसा होतो तो कायमचा. एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाच्या हत्येमुळे हे नाव पुन्हा महाराष्ट्राच्या कानांवर आदळले, काही दिवस अग्रलेख लिहिले गेले, मग पुन्हा शांतता. या दोन तारखांच्या मधल्या दोनशे एकोणीस वर्षांत हे गाव काय करीत होते, असा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाला कधी पडला नाही. पडण्याचे कारणही नव्हते. गाव लढत नव्हते. ते विकत होते, विकत घेत होते, कर्ज काढीत होते, फेडीत होते, बुडवीत होते, आणि या सगळ्यासाठी लिहीत होते, लिहून घेत होते, लिहिलेले ऐकत होते.

१८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात (आजचा अहिल्यानगर जिल्हा) खर्ड्याची नोंद आहे. निंबाळकरांचा पडका वाडा आणि किल्ला यांना त्या नोंदीत जागा आहेच; पण तिच्यातला खरा ऐवज बाजाराविषयीच्या वाक्यांत आहे. पाच-सहा हजार वस्तीच्या या गावात पाचशेंहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार होते. आसपासच्या खेड्यांतून आणि निजामाच्या हद्दीतल्या बालाघाटातून धान्य, देशी कापड आणि इतर माल इथे येई आणि पश्चिमेकडे पुण्यापर्यंत जाई. दर दहाबारा माणसांमागे एक माणूस वही बाळगणारा! पुण्यात त्या काळी लेखक म्हणवून घेणारी माणसे दर किती माणसांमागे एक होती, हे ज्याला काढायचे त्याने काढावे. जामखेड तालुक्याचा हा कोपरा सरहद्दीचा. पलीकडे हैदराबाद संस्थानाची करोडगिरी आणि हाली शिक्का, अलीकडे इंग्रजी रुपया आणि इंग्रजी कायदा. अशा बाजारात नुसते 'रुपये शंभर' लिहून भागत नाही. कोणते रुपये, कोणत्या मापाने ज्वारी, कोणत्या मितीला परतफेड, हे लिहावेच लागते. म्हणजे काटेकोर गद्याची गरज इथे रोजची होती आणि त्या गरजेवर माणसांची जमीन टांगलेली होती.

गावाचे नाव आणि मराठीतला 'खर्डा' हा शब्द यांचा काही संबंध असेल असे मला म्हणायचे नाही. परंतु योगायोग बोलका आहे. खर्डा म्हणजे कच्चे टिपण, घाईने ओढलेला मसुदा. त्यावरून 'खर्डेघाशी'. हा शब्द आपण किती तुच्छतेने वापरतो हे सांगायला नको. कारकुनाचे, दुकानातल्या दिवाणजीचे, कुळकर्ण्याचे, कज्जेदलालाचे लिहिणे ते खर्डेघाशी. आणि निबंधकाराचे, कादंबरीकाराचे लिहिणे ते लेखन. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचा जो इतिहास आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो, तो या एका शब्दातल्या तुच्छतेवर उभा आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी शक्य तितक्या स्पष्टपणे मांडणार आहे.

तो इतिहास कसा सांगितला जातो ते सर्वांना पाठ आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१, 'दर्पण' १८३२, नगरहून निघालेला 'ज्ञानोदय' १८४२, लोकहितवादींची 'प्रभाकरा'तली शतपत्रे १८४८ पासून, 'यमुनापर्यटन' १८५७, आणि १८७४ साली 'निबंधमाला' सुरू होताच आधुनिक मराठी गद्य वयात आले. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या वाङ्मयेतिहासाचा एक अख्खा खंड १८०० ते १८७४ असा बेतलेला आहे. म्हणजे चिपळूणकरांनी पुण्यात लेखणी उचलली, की खंड बदलायचा. मला या सनावळीतले एकही नाव खोडायचे नाही. माझी हरकत एवढीच आहे, की ही सगळी सनावळ वाचणाऱ्यांची आहे, आणि वाचणारे मूठभर होते. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्याही आयुष्यात मराठी गद्य येत होते. ते दारावर चिकटवले जात होते, चावडीवर वाचले जात होते, बाजाराच्या दिवशी हलगीवर ओरडून सांगितले जात होते. जाहीरनामा, लिलावाची नोटीस, समन्स, कर्जरोखा, गहाणखत, फारखत. 'निबंधमाला' न वाचल्यामुळे खर्ड्याच्या परिसरातल्या एकाही कुणब्याचे काही बिघडले नाही. गहाणखत न वाचता आल्यामुळे मात्र बिघडले.

आता १८७४ च्या शेजारी १८७५ ठेवून पाहा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी दंगल झाली आणि ती बघता बघता नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरली. कर्जत म्हणजे जामखेडचा शेजारच. इतिहासाचे विद्यार्थी याला दख्खनचे दंगे म्हणतात, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असण्याची आवश्यकता नाही असे आपण गृहीत धरतो. पण त्या दंग्यांत काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. सावकारांच्या जिवाला धक्का लागल्याचे प्रकार थोडे. जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: कागद बाहेर काढा. खते, रोखे, हुकूमनामे चौकात आणून जाळले गेले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना कोणता कागद आपल्या गळ्याभोवती आहे हे नेमके ठाऊक होते. एका विशिष्ट प्रकारच्या लेखनाविषयी समाजाच्या एका मोठ्या थराने दिलेला इतका रोकडा अभिप्राय मराठीच्या इतिहासात दुसरा दाखवता येणार नाही. मराठी समीक्षेच्या एकाही पाठ्यपुस्तकात मात्र त्याचा उल्लेख माझ्या पाहण्यात आलेला नाही. चिपळूणकर कँडीसाहेबाच्या मराठीवर तुटून पडले, त्यावर प्रश्नपत्रिकेत हमखास दहा गुणांचा प्रश्न असतो. रयत रोख्यांच्या मराठीवर तुटून पडली, त्याला शून्य.

त्या कागदांची रचनाही इथे समजून घ्यायला हवी, कारण वाङ्मयाच्या अभ्यासकाला तीत रस वाटावा असे पुष्कळ आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. हेतू चांगला होता. व्याज साचत जाऊ नये. झाले असे, की दर तीन वर्षांनी जुना रोखा रद्द होऊन नवा लिहिला जाऊ लागला आणि नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल होऊन बसू लागले. प्रत्येक नवी आवृत्ती मागच्या आवृत्तीपेक्षा जाड, आणि वाचक तोच, निरक्षर. खाली त्याची निशाणी. कुणब्याने सही म्हणून नांगराची आकृती काढायची, बाईने बांगडीची. आपल्या हातातली वस्तू हीच आपली सही, ही कल्पना किती सुंदर आहे आणि ती किती भयंकर कामाला लावली गेली, हे दोन्ही एकाच वेळी जाणवल्याशिवाय या कागदांकडे पाहता येत नाही. आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत नांगर प्रतीक म्हणून शेकडो वेळा येतो. तो नांगर एके काळी अक्षरशः लिपीचे काम करीत होता, ही गोष्ट त्या चर्चेत येत नाही.

दंग्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने थांबवले, एवढे सामान्यतः सांगितले जाते. पण या कायद्याचा एक मोठा भाग लेखनाविषयी आहे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, दिलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा त्याला हक्क असावा, वर्षाचा हिशेब मागता यावा, हिशेबाची वही त्याच्याजवळ राहावी. विधिमंडळाला कळले होते, की तंटा जितका व्याजाच्या दराचा आहे तितकाच कोण लिहितो, कुणासमोर लिहितो आणि लिहिलेले कुणाकडे राहते याचा आहे. लेखक, वाचक आणि संहिता यांच्यातल्या सत्तासंबंधांवर आपण परदेशी पंडितांच्या आधाराने परिसंवाद भरवतो. १८७९ साली तोच विषय नगर जिल्ह्यात कायद्याची कलमे होऊन अवतरला होता.

न्यायमूर्ती रानडे या कायद्याखालील कामाशी अनेक वर्षे निगडित होते. १८८७ पासून ते खास न्यायाधीश होते. म्हणजे खते, पावत्या, वह्या यांतले गद्य त्यांच्या नजरेखालून किती गेले असेल याची कल्पना करावी. याच रानड्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिले, आणि त्यात मोजली ती पुस्तके. मोजता येत होती तीच त्यांनी मोजली, हा त्यांचा दोष नव्हे. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तकनोंदणीच्या कायद्यामुळे पुस्तकांच्या सरकारी याद्या तयार होऊ लागल्या होत्या. त्या कायद्याच्या व्याख्येत पुस्तक बसे, चोपडे बसे, सुटा छापलेला नकाशा बसे. चावडीवर चिकटवलेली एकपानी नोटीस बसत नसे. यादीत नाही म्हणून ग्रंथालयात नाही. ग्रंथालयात नाही म्हणून वाङ्मयात नाही. आपण ज्याला अभिरुचीचा निकाल समजतो तो पुष्कळदा नोंदणीच्या रकान्याचा निकाल असतो.

प्रतिवाद ठरलेला आहे आणि मी तो वेगवेगळ्या चर्चासत्रांत वेगवेगळ्या चेहऱ्यांकडून ऐकला आहे. एका विद्यार्थिनीने दस्तऐवजांच्या भाषेवर प्रबंध लिहायचा म्हटले, तेव्हा तिला मिळालेले उत्तर असे: हा विषय इतिहास विभागात न्या, किंवा फार तर भाषाविज्ञानात, हे वाङ्मय नव्हे, ही साधने आहेत. उत्तर देणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावर त्याच वेळी 'आज्ञापत्र' पडलेले होते! रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हे काय आहे? राज्यकारभाराविषयीचे फर्मान. ते आपण गद्याचा नमुना म्हणून लावतो, त्याच्या वाक्यरचनेचे गुण गातो, आणि ते योग्यच आहे. बखरींचे काय? कुणा धन्याच्या आज्ञेवरून लिहून पाठवलेल्या हकिकतीच त्या. शिवकालीन पत्रे, पेशवेकालीन पत्रे, खुद्द खर्ड्याच्या छावणीतून गेलेली पत्रे, हे सारे कामकाजाचे लेखन आहे आणि सारे वाङ्मयेतिहासात सुखाने नांदते आहे. तेव्हा कामकाजाचे लेखन म्हणून हरकत असेल तर ती १८१८ च्या अलीकडेच का जागी होते? माझ्या मते उत्तर सरळ आहे. १८१८ पूर्वीचे कागद आपल्या पराक्रमाचे आहेत, नंतरचे आपल्या जप्तीचे. राजवाडे, खरे, पारसनीस यांनी पायपीट करून, वाण्याच्या पुड्यांतून वाचवून जी दप्तरे छापली, ती बहुतेक मराठी राज्याची. त्यांच्या कष्टांपुढे नतमस्तक व्हावे असेच ते काम आहे. पण त्यांनी जिथे हात थांबवला तिथे आपण वाङ्मयाची सीमा मानून बसलो, हे आपले कर्तृत्व.

देशीवादाकडून तरी या कागदांना आसरा मिळेल असे वाटले होते. तोही मिळाला नाही. देशीवादाला ओवी चालते, म्हण चालते, कीर्तन चालते, लीळाचरित्र तर चालतेच चालते. पण 'सबब', 'मजकूर', 'सदरहू', 'बिन', 'वल्द', 'कैफियत', 'फिर्याद', 'जप्ती' असल्या अर्ध्या फारशी अर्ध्या इंग्रजी कायद्याच्या भाषेत त्याला मातीचा वास येत नाही. शुद्धतेचा हा सोस जुना आहे. १९६२ साली शासनाचा 'पदनामकोश' निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, ते उगाच नव्हे. रयतेच्या ओठांवर दोन शतके रुळलेले कचेरीतले शब्द काढून संस्कृताची नवी नाणी पाडण्याचा तो उद्योग होता. मामलेदार, कारकून, जप्ती, लिलाव हे शब्द खेड्यातल्या म्हातारीला कळत. कळत, कारण त्यांनी तिला रडवले होते. भाषा रुळते ती अशीही.

आता नोटिशीकडेच वळू. महसूल थकला किंवा हुकूमनामा झाला, की स्थावराचा लिलाव. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सांगितले, की विक्रीचा जाहीरनामा जिल्ह्याच्या देशी भाषेत काढावा, दवंडी पिटावी आणि लेखी नोटीस कलेक्टर कचेरीत, मामलेदार कचेरीत, गावच्या चावडीवर आणि थकबाकीदाराच्या राहत्या घरावर लावावी. चार ठिकाणे. त्यांतले चौथे ठिकाण पुन्हा वाचावे: ज्याची जमीन जाणार त्याच्याच दारावर, त्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. ती अक्षरे कोणती, हाही प्रश्नच. छापील मराठी बालबोधीत आली होती. दुकानातली आणि दप्तरातली हातलेखी मराठी मोडीत चालली होती. मारवाडी पेढीची वही आणखी तिसऱ्या वळणाची. साक्षर माणसालाही तिन्ही येतीलच असे नव्हते.

त्या नोटिशीचा साचा ज्याने जुने दस्त पाहिले आहेत त्याच्या डोळ्यांपुढे लगेच उभा राहील. आधी आसामीचे नाव, मग 'बिन' आणि बापाचे नाव, जात, धंदा, राहणार मौजे अमुक, तालुका तमुक. मग सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. आणि मग चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. हा क्रम बहुधा देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा सूर्याबरोबर फिरतो. मला या चतुःसीमेचे फार अप्रूप वाटते. जमिनीचे वर्णन करायचे, पण जमिनीविषयी एक शब्द बोलायचा नाही. ती काळी की बरड, त्या बांधावर बाभळ आहे की आंबा, काही नाही. ती केवळ तिच्या शेजाऱ्यांनी ओळखायची. शेत म्हणजे चार शेजाऱ्यांच्या मधली रिकामी जागा! आणि ज्या शेजाऱ्याचे नाव आज कुणाच्या तरी पूर्वेला आले आहे, त्याचेच नाव उद्या वर, आसामीच्या जागी येणार आहे आणि त्याच्या सीमेवर आजच्या खरेदीदाराचे नाव लागणार आहे. एकाच गावच्या दहा वर्षांच्या नोटिसा ओळीने लावल्या तर एक नाव हळूहळू सगळ्या दिशांना पसरत गेलेले दिसेल. मराठी कादंबरीला गाव असा दिसायला बराच काळ जावा लागला. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० च्या सुमारास क्रमशः येऊ लागली तेव्हा तिचे जग पुण्या-मुंबईच्या घरांत होते, आणि तिथे तिने जे पाहिले ते अपूर्वच होते. पण शेत, बांध, ओढा आणि मालकी यांचे नाते मराठीत लिहिले जात नव्हते असे कुणी म्हणू नये. चावडीच्या भिंतीवर ते लिहिले जात होते.

या लेखनाची क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. 'कळविण्यात येते', 'जप्त करण्यात आली आहे', 'ऐकले जाणार नाही'. कर्ता गायब. इंग्रजी मसुद्याचे मराठी करताना हा कर्मणी थाट पक्का झाला, आणि त्यात सरकारी भाषांतरखात्याचा, मेजर कँडींच्या शिस्तीचा वाटा असणारच. कर्जरोख्यात मात्र कर्ता ठसठशीत असतो: लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, कारणे खत लिहून देतो ऐसाजे. म्हणजे कर्ज घेताना शेतकरी वाक्याचा कर्ता असतो आणि जमीन जाताना वाक्याला कर्ताच नसतो. व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकवताना हे उदाहरण घ्यायला काय हरकत आहे? जोतीराव फुल्यांना हे सारे दिसत होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कागद रंगवणारे कारकून, कुळकर्णी, सावकार आणि कचेरी यांचे जाळे त्यांनी ज्या तपशिलाने उलगडले आहे, तो तपशील दस्तांच्या जगाशी परिचय असल्याशिवाय येत नाही. आपण 'असूड' वाचतो तो समाजसुधारणेचे पुस्तक म्हणून. कचेरीच्या मराठीचे ते पहिले मोठे परीक्षण आहे, या अंगाने तो क्वचितच शिकवला जातो.

आणि दवंडी. गावगाड्यात हे काम बहुधा महाराकडे, हलगी मांगाकडे. गावोगावी वहिवाट निराळी. कुळकर्णी कागद वाचून दाखवणार आणि दवंडीवाला तो चौकाचौकात ओरडून सांगणार. सरकारी मराठी गद्याचा सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचणारा आवाज हा अशा माणसाचा होता, ज्याला अक्षर शिकू दिले गेले नव्हते आणि ज्या वस्तीत तो दवंडी देई तिथल्या ओट्यावर बसण्याची त्याला मुभा नव्हती. एकदा ऐकून तो मजकूर पाठ करायचा, आकडे आणि तारखा चुकू द्यायच्या नाहीत, बाजाराच्या गलक्यात आवाज चढवायचा, आणि ज्याच्या घराचा लिलाव त्याच्याच दारात उभे राहून ते म्हणायचे. नाट्यशास्त्राच्या किती परीक्षा यात होतात ते मोजावे. मौखिक परंपरेवर आपण इतके लिहितो, वासुदेवावर लिहितो, पोतराजावर लिहितो, भारुडावर तर लिहितोच. दवंडीवाल्यावर का लिहीत नाही? त्याचे बोलणे देवाधर्माचे नव्हते म्हणून? की ती वेठ होती, आणि वेठीला परंपरा म्हणण्याची लाज वाटते म्हणून? लाज वाटत असेल तर ती रास्त आहे. पण मग तिच्यासकट लिहावे. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध जी झुंज दिली, आणि जी वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली, त्या वतनाच्या कामांत हा ओरडाही होता. दलित आत्मकथनांचा उगम आपण १९६० नंतरच्या मासिकांत शोधतो. दुसऱ्याने लिहिलेला हुकूम स्वतःच्या गळ्यातून काढण्याचा पिढीजात अनुभव त्या लेखनाच्या तळाशी कुठेतरी असणार, एवढा विचार तरी करून पाहावा.

सावकाराला खलनायक ठरवून हा विषय संपवणे सोपे आहे, आणि आपल्या ग्रामीण कथेने ते पुष्कळदा केले आहे. खर्ड्यासारख्या गावातला व्यापारी म्हणजे केवळ जमीन गिळणारा माणूस नव्हे. बालाघाटातले धान्य पुण्याला पोहोचवायचे तर उधारी लागते, हुंडी लागते, शब्दावर विश्वास लागतो, आणि तो विश्वास कीर्द-खतावणीत उतरवण्याची एक कसोशीची विद्या लागते. दिवाळीला वहीची पूजा होते. ज्याची दरवर्षी हळदकुंकू वाहून पूजा होते असे मराठी गद्य दुसरे कोणते, हे मला कुणी सांगावे. पुढे रेल्वेने वाटा बदलल्या. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये नगरवरून गेला, बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, आणि दोन्ही मार्गांच्या मधल्या बाजारगावांचे महत्त्व ओसरत गेले. त्या पेढ्यांच्या वह्या कुठे गेल्या असतील हे सांगायला संशोधक लागत नाही. जुने वाडे पाडताना माळ्यावर लाल कापडात बांधलेले जे बासन निघते, ते मोडी वाचणारा घरात कुणी उरलेला नसल्यामुळे रद्दीत जाते किंवा बंबात. ग्रंथ असता तर आपण हळहळलो असतो.

हे सारे गतकालाचे म्हणून सोडून द्यावे म्हटले तर तसेही नाही. आजचे कुठलेही मराठी दैनिक घ्या. आतल्या पानांवर बारीक टाइपात 'जाहीर नोटीस' असतात, 'ताबा सूचना' असतात. २००२ च्या कर्जवसुलीच्या कायद्याखालील नियमांनुसार बँकेला ताबा घेतल्याची सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. तेव्हा 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अजून जिवंत आहे. चतुःसीमा जिवंत आहे. फक्त पूर्वेस आता ओढ्याऐवजी फ्लॅट नंबर आहे. 'जशी आहे जेथे आहे' असली, इंग्रजीच्या बोटाला धरून चालणारी मराठी तिच्यात नव्याने आली आहे. दारावर कागद चिकटवून त्याचा फोटो काढण्याची पद्धतही आहे. हे पान रोज लाखो घरांत जाते आणि मराठीचा अध्यापक ते उलटून रविवारच्या पुरवणीतल्या परीक्षणाकडे जातो. त्याच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या बापाचे नाव त्या पानावर असू शकते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

मी मागतो आहे ते फार नाही. पदव्युत्तर वर्गाला एकोणिसाव्या शतकातील गद्य ही अभ्यासपत्रिका लावताना 'निबंधमाले'तल्या निबंधाबरोबर एक कर्जरोखा, एक लिलावाची नोटीस आणि एक फारखत लावावे. मोडीचे पंधरा तास ठेवावेत. जिल्हा अभिलेखागार नावाची वास्तू असते आणि तिथे साहित्याच्या विद्यार्थ्याने जायला बंदी नसते, हे त्याला सांगावे.

आणि एक अर्ज लावावा. दख्खनच्या दंग्यांच्या चौकशीत नोव्हेंबर १८७५ चा एक रयतेचा अर्ज आहे, कर्जत तालुक्यातल्या मिरजगावचा, नगरच्या कलेक्टरला केलेला. मिरजगाव ते खर्डा ही काही मोठी मजल नव्हे. त्यात रयत सांगते, की सावकार अलीकडे जाच करू लागले आहेत. कापड आणि धान्य आम्हांला रोखीच्या भावाने मिळत नाही, शेकडा पंचवीस ते पन्नास जास्त द्यावे लागतात. शेतातला माल ते घेऊन जातात, हिशेबात जमा धरू म्हणतात आणि जमा धरीत नाहीत. नेलेल्या मालाची पावतीही देत नाहीत. तक्रारीचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी भाव, मग माल, आणि शेवटी, सर्वांत जड असे जे काही ते शेवटी ठेवावे तसे, न लिहिलेला एक कागद. अभ्यासक तो अर्ज आज उद्धृत करतात तो इंग्रजीत, कारण आयोगाचा अहवाल इंग्रजीत आहे. मिरजगावात तो कुणी तरी मराठीत सांगितला असणार आणि कुणी तरी मोडीत उतरवून घेतला असणार. सांगणाऱ्याने 'पावती' म्हटले की 'रसीद' म्हटले, 'जाच' म्हटले की 'जुलूम' म्हटले, आणि लिहिणाऱ्याने ते तसेच ठेवले की कचेरीला शोभेल असे करून घेतले?